टाळ्या झाल्या की दोन ओंडके

भिंतीलाही कान असतात, ही म्हण
हंगेरीतही आहे.
आमच्या घरात ती म्हण नव्हती,
बाबांची नोकरी होती.

राबा नदीच्या काठी, बीटची शेतं संपतात तिथे
पिवळा राजवाडा. त्याच्या संगीत-दालनात
चार कोपऱ्यांत चार शेगड्या,
पांढऱ्या चिनीमातीच्या, माणसाच्या दुप्पट उंच,
डोक्यावर सोनेरी अननस.
पण एकीलाही तोंड नाही.
तोंडं मागे, भिंतीच्या पोटात,
जिथे खांदे तिरके करून शिरावं लागतं अशा बोळात.
सरदारांना राख दिसू नये,
राख काढणारा तर नाहीच नाही,
म्हणून कुणीतरी फार विचार करून बांधलेला.

सरदार गेले. मग तिथे सैनिक राहिले, मग घोडे,
मग धान्याची पोती. मग सरकारने छत रंगवलं
आणि दर शनिवारी मैफल सुरू केली.
बोळ तसाच राहिला.
बोळात कोंदोर वेंदेल, माझे बाबा,
एकतीस हिवाळे.

कार्यक्रमपत्रिका त्यांना शुक्रवारीच लागायची,
लाकूड ठरवायला.
पियानो आणि ट्रम्पेट असेल तर पाइन चालेल:
राळ तडतडते, पण कोण ऐकतंय.
चौघांची तंतुवाद्यं असली तर ओक.
आणि संथ भाग लांबलचक असेल
तर बीच, तीन वर्षं सुकवलेलं,
म्हाताऱ्या मांजरासारखं
स्वतःतच जळत बसणारं.
"आदाज्यो, बारा मिनिटं," ते आईला सांगायचे,
"म्हणजे बीच."
आणि आई डब्यात सॉसेजचा एक तुकडा जास्त ठेवायची,
का, ते मला अजून कळलेलं नाही.

नियम एकच. लोखंडी झडप करकरते,
ती उघडायची फक्त टाळ्यांत.
टाळ्या सुरू: झडप, दोन ओंडके, झडप.
लोकांनी हात आखडता घेतला त्या रात्री
दालन गारठायचं.
वाईट वादकांना थंडी वाजते, असं बाबा म्हणत
आणि हसत नसत.

एका जानेवारीत मध्यंतराला
व्हिओला वाजवणारी शारोल्ता नावाची बाई
बोटं शेकायला शेगडीला टेकली
आणि तिने चिनीमातीवर तीनदा टकटक केली.
बाबांनी आतून चिमट्याने, तीनदा.
एवढंच.
त्यावर ते आयुष्यभर म्हणायचे,
कलावंतांत आपली ओळख आहे.

मग रेडिएटर आले.
निरोपाला एक घड्याळ मिळालं, आणि दोन तिकिटं,
तिसरी रांग, मखमलीच्या खुर्च्या.

मी शेजारी बसले. त्यांच्या नखांत
उरलेली काजळी, कोट माझ्या मामाचा.
चौघं आले, वाकले, वाजवू लागले.
बाबांनी आधी छत पाहिलं:
ढगांवर रेललेल्या गुबगुबीत बायका.
मग चौघांचे हात.
मग बराच वेळ नुसती कोपऱ्यातली शेगडी,
तिची समोरची बाजू.
माझ्या कानाशी वाकून म्हणाले,
"फार जवळ आहे गं."
आणि जरा वेळाने,
"धुऊन वाळत घातल्यासारखं वाजवतायत."

संथ भाग आला. मी घड्याळ पाहिलं नाही,
बाबा ओठांनी मोजत होते.
शेवटचा स्वर कधी संपला ते सांगता येणार नाही,
एका क्षणी तो आहे की नाही
हे विचारायला कुणीच धजावेना.

टाळ्या.
बाबा ताडकन उठले.
पुढच्या बाईंनी वळून पाहिलं, त्याही उठल्या,
मग त्यांची रांग, मग मागच्या,
मग सगळं दालन उभं.
चौघं गोंधळून पुन्हा वाकले,
एवढा मान त्यांनाही अपेक्षित नसावा.

फक्त मला दिसत होतं.
बाबांचे हात टाळी वाजवत नव्हते.
कमरेपाशी, तळवे वर,
एका ओंडक्याइतकं अंतर राखून
ते पुढे आलेले होते,
आणि समोर कुठेच झडप नव्हती.